काच फुटली, पण सांडली नाही

कल्याण-शीळ रस्त्यावर डंपरच्या मागे कधी अडकलात? मग तो आवाज तुमच्या ओळखीचा असणार. टक्. एवढाच. चाकातून उडालेला एखादा खडा समोरच्या काचेवर बसतो आणि टिकलीएवढी खूण उमटते. गाडीवाला म्हणतो, जाऊ दे, काही नाही. पुढे दिव्याच्या दिशेनं वळल्यावर दोन खड्डे लागतात, उन्हानं तापलेल्या काचेवर आतून एसीचा गार झोत बसतो आणि त्या टिकलीला पाय फुटतात. संध्याकाळपर्यंत काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नदी काढलेली असते.

गाडी साधी असेल तर काम काही हजारांत भागतं. पण हल्ली आपल्याकडच्या नव्या टॉवरांखालीसुद्धा मोठमोठ्या एसयूव्ही उभ्या दिसतात. त्यातल्या एखाद्या परदेशी गाडीची समोरची काच बदलायची म्हटली की आकडा लाखाच्या घरात जातो. काचेचा एक तुकडा आणि लाख रुपये? मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एवढं का, ते पुढे सांगतोच. त्याआधी एक गोष्ट बघा. काच आडवी-उभी तडकली, जाळं झालं, तरी चालवणाऱ्याच्या मांडीवर एक मोठा तुकडा पडला नाही. साधी खिडकीची काच फुटली की अख्खं घर चप्पल घालून फिरतं. मग ही काच फुटूनही जागेवर का राहिली? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पॅरिसमधला एक चित्रकार. कला आणि डिझाइन शिकणाऱ्यांना त्याचं नाव त्याच्या नक्षीकामामुळे चांगलं माहीत असतं. गाड्यांच्या दुनियेत मात्र त्याच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही.

एदुआर बेनेडिक्टस. जन्म १८७८, पॅरिस.

हा माणूस नक्की करायचा काय, हे एका ओळीत सांगता येत नाही. तो चित्रं काढायचा. पुस्तकांच्या बांधणीसाठी चामड्यावर नक्षी करायचा, तीही अशी की पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडली जावी. कापडांचे, गालिच्यांचे नमुने काढायचा. आणि त्याच वेळी स्वतःच्या प्रयोगशाळेत बाटल्या, नळ्या आणि वास मारणारी द्रावणं घेऊन बसायचा. रसायनशास्त्र हा त्याचा फावल्या वेळेतला छंद नव्हता, तेही त्याचं कामच होतं.

दहावीनंतर आपल्याकडे प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात, आर्ट्स की सायन्स? उत्तर दिलं की दुसरं दार बंद. बेनेडिक्टसला हा प्रश्न कोणी विचारला नसावा, किंवा विचारला असला तरी त्यानं मनावर घेतलं नसावं. १९००च्या सुमारास पॅरिसमध्ये तरुण संगीतकार, कवी आणि चित्रकारांची एक टोळी जमली होती. स्वतःला ते अपाश म्हणवून घ्यायचे. तेव्हाच्या पॅरिसमध्ये त्या शब्दाचा अर्थ होता गल्लीतले गुंड. मोरिस राव्हेल हा पुढे जगभर गाजलेला संगीतकार त्या कंपूत होता, नंतर स्ट्राविन्स्कीही आला. शनिवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, पियानो वाजवायचा, कविता वाचायच्या, पहाटेपर्यंत वाद घालायचे. बेनेडिक्टस याच कट्ट्यावरचा.

आता १९०३ साल. प्रयोगशाळेत आवराआवर चालली होती. उंचावरून काचेची एक बाटली खाली पडली. हातून निसटली की फडताळावरून घरंगळली, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. जमिनीवर आदळून तिचे शंभर तुकडे व्हायला हवे होते. बाटली फुटली खरी, पण आकार तसाच राहिला. तडे सगळीकडे, आणि तुकडे मात्र एकमेकांना धरून बसलेले.

त्यानं बाटली उचलून पाहिली. आत एकेकाळी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं. कापसासारख्या पदार्थावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात तो विरघळतो. वर्षानुवर्षं बाटली पडून राहिल्यानं पातळ भाग उडून गेला होता आणि काचेच्या आतल्या बाजूला पारदर्शक पापुद्रा धरला होता. काच तुटली, पापुद्रा तुटला नाही.

हा पापुद्रा आपल्याला तसा परका नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, तो काळ याच जातीच्या फिल्मचा. लवचिक, पारदर्शक आणि भयंकर ज्वालाग्राही. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, तेव्हा जुन्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळं त्यात गेली. काच वाचवणारी आणि सिनेमा जाळणारी वस्तू मुळात एकच.

तर बेनेडिक्टसनं काय केलं? धावत जाऊन पेटंट घेतलं? अजिबात नाही. ती तडकलेली बाटली त्यानं जपून ठेवली, तिच्यावर काय घडलं त्याची नोंद चिकटवली आणि तो आपल्या कामाला लागला. या शोधाची गोष्ट सांगताना सगळे बाटली पडण्यावरच थांबतात. योगायोग, नशीब वगैरे. मला विचाराल तर सगळी गंमत त्या चिठ्ठीत आहे. बाटल्या सगळ्यांच्याच फुटतात. आपण केरसुणी आणतो. फुटलेली बाटली चिठ्ठी लावून पुन्हा फडताळात ठेवणारा माणूस विरळा.

पुढची काही वर्षं त्या बाटलीचं काहीच झालं नाही. बाहेर पॅरिस मात्र बदलत होतं. घोडागाड्यांच्या रस्त्यावर मोटारी आल्या होत्या. सुरुवातीच्या मोटारींना समोर काच नव्हतीच. चालवणारा गॉगल लावायचा, तोंडाला फडकं बांधायचा. डासकिडे, धूळ आणि चिखल सगळं तोंडावर. पुढे वेग वाढला, मग वाऱ्यापासून आडोसा म्हणून समोर काच उभी केली. ही काच कोणती? दुकानाच्या शोकेसला लावतात तीच, साधी आणि जाड. तेव्हा सीटबेल्ट नव्हते. गाडी कशावर आदळली की माणसं पुढे फेकली जायची ती थेट त्या काचेत. वाऱ्यापासून वाचायला लावलेली वस्तू गळ्यावर आणि तोंडावर पात्यासारखी फिरायची. मोडलेलं हाड कधीतरी सांधतं, चेहऱ्यावरच्या त्या जखमा जन्मभर राहायच्या.

वर्तमानपत्रांत असल्या अपघातांच्या बातम्या रोज यायला लागल्या. बेनेडिक्टसनं अशीच एक बातमी वाचली आणि त्याला फडताळातली बाटली आठवली. ही हकिकत त्यानं स्वतःच बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवली. त्यानुसार तो त्या रात्री प्रयोगशाळेतच बसला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पहिला नमुना तयार झाला. आता शोध लावणारे आपल्याच शोधाची गोष्ट सांगतात तेव्हा थोडं मीठमसाला लागतो, हे धरून चालू. बाटली १९०३ची आणि पेटंट १९०९चं. मधली सहा वर्षं एका रात्रीत मावत नाहीत. पण बाटली, बातमी आणि पेटंट यांचा क्रम तोच आहे.

त्याचा नमुना म्हणजे सँडविच. वर काच, खाली काच, मध्ये सेल्युलॉइडचा पातळ पत्रा. चिकटवायला जिलेटिन. सगळं दाबयंत्रात घालून गरम करून दाबायचं. तीन थर म्हणून नाव ठेवलं ट्रिप्लेक्स. सांगायला सोपं, करायला महाकठीण. हवेचा एक बुडबुडा राहिला की काच बाद. कडेनं ओल शिरली की थर सुटायला सुरुवात.

असा प्रयत्न करणारा तो एकटा नव्हता. इंग्लंडमध्ये जॉन वुड नावाच्या वकिलानं १९०५ सालीच मोटारीच्या काचेसाठी दोन काचांमध्ये पारदर्शक थर घालायचं पेटंट घेतलं होतं. चिकटवायला त्यानं कॅनडा बाल्सम वापरला. बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला कायमस्वरूपी स्लाइड बनवताना जो वापरतात, तोच. त्याचा माल बाजारात चालला नाही.

इतर बरेच लोक काच फुटूच नये म्हणून ती आणखी जाड, आणखी कडक करायच्या मागे होते. बेनेडिक्टसनं काच फुटणारच हे धरूनच काम सुरू केलं. फुटल्यावर तुकडे कुठे जातात, एवढंच त्याला बघायचं होतं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चामडं चिकटवणाऱ्या माणसाला असा विचार सुचावा यात मला तरी नवल वाटत नाही. थरावर थर बसवायचा आणि तो सुटू द्यायचा नाही, हे त्याचे हात वर्षानुवर्षं करतच होते.

१९११ साली फ्रान्समध्ये ट्रिप्लेक्सची कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी फ्रेंच हक्क घेऊन इंग्लंडमध्ये दुसरी.

जरा आपल्याकडे बघू. याच सुमारास, १९०८ साली, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना काढली की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. जपान आणि अमेरिकेत काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. पॅरिसमध्ये काचेचे थर जोडले जात होते, तेव्हा आपण एकेक पैसा जोडून काच करायला शिकत होतो. पुढे महाराष्ट्रात आणि बाहेर जे काच कारखाने निघाले, त्यांतल्या कितीतरी कारागिरांनी पहिले धडे तळेगावात गिरवले.

पॅरिसमध्ये काच तयार होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. मोटार कंपन्यांनी किंमत ऐकून मान फिरवली. एका साध्या काचेच्या जागी दोन काचा, वर सेल्युलॉइड, वर मजुरी. गिऱ्हाईक रंग बघतं, वेग विचारतं. अपघातात चेहरा वाचेल का, असं विचारून गाडी घेणारे तेव्हाही कमीच होते. हे वाचून फार हसू नका. सनरूफ आहे का हे आधी आणि एअरबॅग किती हे नंतर विचारणारे आपल्याही ओळखीत निघतील.

गिऱ्हाईक मिळालं ते युद्धात. पहिल्या महायुद्धात विषारी वायू सोडायला सुरुवात झाली आणि सैनिकांना मुखवटे द्यावे लागले. मुखवट्यात डोळ्यांसमोर काच हवी. ती तडकून भोक पडलं तर वायू आत, आणि तुकडे डोळ्यांत. इथे बेनेडिक्टसची काच बरोबर बसली. तडकली तरी भोक पडत नव्हतं. मोटारवाल्यांना जी महाग वाटली, ती सैन्यानं मोठ्या प्रमाणावर घेतली. विमानांतही ती गेली.

मोटारींत ती सरसकट यायला १९२७ उजाडलं. हेन्री फोर्डनं त्या डिसेंबरात मॉडेल ए बाजारात आणली आणि समोरची काच थरांची दिली, वेगळे पैसे न घेता. फोर्डसारखा स्वस्त गाडीवाला देतोय म्हटल्यावर बाकीच्यांना पळवाट राहिली नाही.

सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. सेल्युलॉइड उन्हात पिवळं पडायचं. दोन-तीन वर्षांची गाडी असेल तर कावीळ झाल्यासारखा रस्ता दिसायचा. आणि एक प्रकरण तर कायदा शिकणाऱ्यांनी वाचायलाच हवं, बॅक्स्टर विरुद्ध फोर्ड. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका माणसानं १९३० साली मॉडेल ए घेतली. कंपनीच्या पुस्तिकेत काच फुटून उडत नाही असं छापलेलं होतं. त्याच वर्षी घाटातून जाताना समोरच्या गाडीच्या चाकातून खडा उडाला, काचेवर बसला, कण डोळ्यात गेला आणि त्याचा डोळा गेला. अगदी आपल्या शीळ रस्त्यासारखंच. १९३२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला. मुद्दा असा की काच कशी आहे हे गिऱ्हाइकाला नुसतं बघून कळूच शकत नव्हतं, त्यानं कंपनीच्या छापील शब्दांवर विश्वास ठेवला. गाडी डीलरकडून घेतलेली असली तरी कंपनीला त्या शब्दांची जबाबदारी घ्यावी लागेल.

बेनेडिक्टस हे बघायला नव्हता. आणि खरं सांगायचं तर शेवटच्या दहा वर्षांत त्याचं मन काचेत किती होतं, कोण जाणे. युद्धानंतर तो नक्षीकडे परत गेला होता. १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटी कलांचं ते गाजलेलं प्रदर्शन भरलं, ज्याच्यावरून पुढे आर्ट डेको हे नाव पडलं. त्यात त्याची कापडं होती. कारंज्यांच्या उसळत्या धारांचा एक नमुना त्यानं काढला होता, तो आजही संग्रहालयांत जपलेला आहे. मरीन ड्राइव्हच्या इमारतींचे गोलसर कोपरे आणि गच्च्या आठवा. त्याही याच शैलीतल्या. नक्षीच्या रंगीत पानांचे संच त्यानं छापले, एकेक रंग साच्यातून हातानं भरलेला. शेवटचा संच १९३०चा. त्याच वर्षी जानेवारीत तो गेला. वय ५१.

काच मात्र त्याच्यानंतरही बदलत राहिली. सेल्युलॉइड गेलं, मग काही वर्षं दुसरं एक प्लास्टिक आलं. १९३८च्या सुमारास पीव्हीबी आलं, पॉलिव्हिनाइल ब्युटिरल. ते पिवळं पडत नाही, रबरासारखं ताणतं आणि काचेला घट्ट धरतं. आजही बहुतेक गाड्यांत तेच असतं. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरच्या आसपास काच. आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी समोरची काच अशी थरांची असणं सक्तीचं केलं. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत वेगळ्या असतात, टेम्पर्ड. त्या फुटल्या की साबुदाण्यासारखे दाणे होतात.

आता तो लाखाचा हिशेब.

महागड्या एसयूव्हीत त्या पाऊण मिलिमीटरच्या पापुद्र्यावर कंपन्यांनी बरंच काही लादलंय. आवाज कमी यावा म्हणून पापुद्र्याच्या आत आणखी मऊ थर असतो. वेगाचा आकडा काचेवरच दिसायची सोय असेल तर पापुद्रा वर जाड आणि खाली पातळ, पाचरीसारखा करावा लागतो. काचेला दोन पृष्ठभाग असतात, दोन्हीकडून प्रतिबिंब येतं, आणि पाचर नसेल तर ६०चा आकडा दोनदा दिसतो. म्हणजे अशा गाडीला साधी काच मापात बसली तरी उपयोग नाही. शिवाय पाऊस ओळखणारा सेन्सर, काही गाड्यांत काच तापवणाऱ्या बारीक तारा. आणि आरशामागे कॅमेरा.

बदलताना आधी वायपर आणि कडेच्या पट्ट्या निघतात. मग काच आणि बॉडी यांच्यामधल्या गोंदातून तार ओढून तो कापतात, दोघं जण, एक आत, एक बाहेर, करवत चालवल्यासारखे. हा गोंद म्हणजे पॉलियुरेथेन. जुन्या गोंदाचा एक-दोन मिलिमीटरचा थर मुद्दाम ठेवतात, नवा त्यावर चांगला धरतो. रंगाला ओरखडा गेला तर तिथे प्रायमर लावायलाच हवा, नाहीतर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत गंज आतून सुरू होतो आणि दोन पावसाळ्यांनी पाणी गळायला लागतं. नव्या काचेला कडेनं काळी पट्टी आणि ठिपके दिसतात ना? ती शोभा नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी गोंद खराब होऊ नये म्हणून ती असते. गोंदाची जाड वळी फिरवून, शोषून धरणाऱ्या कपांनी उचलून काच एकदाच बसवायची. सरकवासरकवी चालत नाही.

मग गाडी उभी ठेवायची. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. किती वेळ थांबायचं, हे गोंदाच्या डब्यावर आणि त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असतं. कधी तास, कधी कितीतरी तास. मालकाची इथेच चुळबुळ सुरू होते. काच तर बसली, निघू ना? नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाची एअरबॅग उघडते तेव्हा ती बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेचा आधार घेऊन त्याच्याकडे वळते. गोंद ओला असेल तर एअरबॅग काचेलाच बाहेर ढकलते आणि माणसापुढे काही उरत नाही. गाडी उलटली तर छप्पर दबू न देण्यातही काचेचा वाटा असतो.

आणि शेवटी कॅमेरा. लेन ओळखणं, आपोआप ब्रेक लावणं, हे सगळं तो काचेतून बघून करतो. काच बदलली की त्याची नजर किंचित सरकते. एक अंश सरकली तर ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटीमीटरचा फरक पडतो. दुचाकीवाला आपल्या लेनमध्ये आहे की बाजूच्या, एवढ्या फरकानं ठरतं. म्हणून सपाट जमिनीवर, ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक उभा करून कॅमेऱ्याला पुन्हा बघायला शिकवतात. काही गाड्या त्यासाठी पट्टे आखलेल्या रस्त्यावर चालवून आणाव्या लागतात. आपल्याकडे पट्टे शोधत कुठपर्यंत जावं लागेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. हे काम बिलात वेगळं दाखवतात आणि पुष्कळ जण तेच गाळायला सांगतात.

तुमच्यातली काही मुलं गॅरेजला काम करून शिकतायत, त्यांना हे पाठ असेल. बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनसवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी विचारून घ्या. आणि खडा लागून नुसती टिकली पडली असेल, ती चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसेल, तर त्यात राळ भरून ती बुजवता येते. रुपया शेकड्यांत जातो, काच वाचते. उशीर केला, पाय फुटले, की बदलणं आलं. काळी फिल्म तर लावूच नका. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश यायला हवा असा नियम आहे आणि वरून फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच बंदी घातलीय.

दिवा-पनवेल गाडीनं गेलात तर दातिवली, निळजे मागे टाकून तळोजे लागतं. तिथल्या एमआयडीसीत फ्लोट काचेचा कारखाना आहे. वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगत ठेवून तिथे सपाट काच करतात. अशाच दोन सपाट काचा वाकवून, मध्ये पापुद्रा घालून, दाबाच्या भट्टीत १४० अंशांच्या आसपास शिजवल्या की समोरची काच होते. बेनेडिक्टसच्या दाबयंत्राचीच ही नातवंडं.

काढलेली जुनी काच मात्र कोणाला नको असते. साधी काच वितळवून पुन्हा वापरता येते. हिच्यातला पापुद्रा आधी सोडवावा लागतो, त्याला वेगळी यंत्रं लागतात, आणि भंगारात त्या खटाटोपाएवढा पैसा मिळत नाही. म्हणून गॅरेजांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या या काचा तुम्हाला दिसतील. कोणी दगड घातलेला, कोणी पाय दिलेला, पांढऱ्या जाळ्यांनी भरलेल्या, पावसात भिजून हिरवट झालेल्या. हातोडीनं ठोकल्या तरी वाकतात, दुमडतात, चुरा होतो, पण तो चुरा पापुद्रा सोडत नाही.